पालथी वाटी, उताणी वाटी

बस डेपोत तिला सगळे टिंबबाई म्हणत. त्यात टिंगल होती, तितकाच धाकही होता. नव्याने आलेल्या माणसाला वाटे, बाई मोजकं बोलतात, वाक्य सुरू होतं न होतं तोच टिंब देऊन मोकळ्या होतात, म्हणून हे नाव पडलं असणार. तेही खोटं नव्हतं. पण नाव पडलं होतं ते टिंब नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवरून.

ही भाषा जगात फार थोड्यांना येते, आणि ज्यांना येते ते चारचौघांत सांगत फिरत नाहीत. बाकीच्या भाषांत प्रोग्रॅम लिहायचा तर शब्द असतात, निदान शब्दांसारखं काहीतरी असतं. टिंबात शब्द म्हणून नाही. सगळ्या नुसत्या खुणा. टिंबं, कमानी, कपडे अडकवायच्या हुकांसारखे हुक, तिरक्या रेघा. दुसरीकडे ज्याला दहा पानं लागतात ते टिंबात एका ओळीत बसतं. ती ओळ लिहिणाऱ्याला स्वतःलाच आठवड्यानंतर वाचता येत नाही, असं टिंबाचे शत्रू म्हणतात. टिंबाचे मित्र म्हणतात, आठवडा नाही हो, महिना.

उद्या कोणत्या चालकाने कोणती गाडी कोणत्या मार्गावर न्यायची, कुणी कधी जेवायचं, कुणाची सुट्टी, कोण कुणाला कुठल्या थांब्यावर सोडवणार, हे सगळं टिंबबाईंचा प्रोग्रॅम ठरवत असे. प्रोग्रॅम अकरा ओळींचा होता. दुपारचा चहा झाला की बाई एक कळ दाबत, प्रिंटर कुरकुरत कागद बाहेर टाकी, तो कागद फलकावर लागे आणि चालक मंडळी त्याच्यासमोर उभी राहून शिव्या देत. शिव्या कागदाला असत. बाईंच्या वाटेला जायची कुणाची छाती नव्हती.

ही बसलेली घडी विस्कटली नव्या डेपो मॅनेजरमुळे. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त सगळं बदलायचं होतं. त्याने येताच आधी कॅन्टीनच्या खुर्च्या बदलल्या, मग गेटचा रंग बदलला, आणि मग एका कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक हातात घेऊन तो टिंबबाईंच्या टेबलाशी आला.

"बाई, या अकरा ओळी मला एकदा समजावून सांगा."

बाईंनी सांगितल्या. तो दाताच्या दवाखान्यात बसल्यासारखा ऐकत राहिला.

"बरं. आता समजा, तुम्ही आजारी पडलात."

"मी आजारी पडत नाही."

"समजा हो."

"समजायचं कशाला? इतक्या वर्षांत पडले नाही."

"मग समजा, तुम्हाला लॉटरी लागली आणि तुम्ही नोकरीला लाथ मारलीत."

"मी तिकीट घेत नाही."

मॅनेजरने माहितीपत्रक टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसला. "बाई, तुमच्यामागे हे कोण वाचणार? महिनाअखेर मला या कंपनीच्या सिस्टिमवर सही करायची का नाही ते ठरवायचंय. ही तुमची भाषा बोलणारी चार माणसं मला दाखवा. जिवंत. दिसली तर सही करत नाही. नाही दिसली, तर तुमच्या अकरा ओळींना रामराम."

टिंबबाईंनी माहितीपत्रक दोन बोटांनी बाजूला सारलं. या अकरा ओळींत त्यांची उमेदीची सगळी वर्षं होती. मूल नाही, घर सासूबाईंचं, नवरा अबोल. जगात पूर्णपणे आपलं म्हणावं असं त्यांच्याकडे एवढंच होतं, आणि ते कुणाला दाखवताही येत नव्हतं, कारण दाखवलं तर माणसं डोळे चोळत.

घरी आल्यावर त्या सासूबाईंसमोर मटार सोलत बसल्या आणि घडलं ते सांगून टाकलं. सासूबाई स्वेटर विणत होत्या.

"बोलणारी माणसं हवीत ना? मग त्यांना बोलायला लाव," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या मोबाइलवर बघ. विणकाम करणाऱ्या बायका तासन्‌तास बोलतात. दिसत काही नाही, नुसतं ऐकायचं. हा स्वेटर मी निम्मा ऐकून विणलाय."

"त्याला पॉडकास्ट म्हणतात, आई."

"काही का म्हणेनात."

त्या स्वेटरची एक बाही दुसरीपेक्षा वीतभर लांब होती. टिंबबाईंनी तिकडे जरा लक्ष दिलं असतं, तर नुसतं ऐकून काय होतं याचा त्यांना वेळेवर अंदाज आला असता. पण गरजवंताला अक्कल नसते. त्यांनी पॉडकास्ट करायचं ठरवलं.

एकटीने काय बोलणार? जोडीदार हवा. जोडीदार म्हणून एकच माणूस डोळ्यासमोर होता, आणि तोही खरं म्हणजे डोळ्यासमोर कधी आलेला नव्हता. टिंबवाल्यांची इंटरनेटवर एक चावडी होती. तिथे दुसऱ्या एका शहरातले एक चष्मेवाले लिहीत. दुकान चालवता चालवता लेन्सचे हिशेब ते टिंबात करत. पंधरा वर्षं बाई आणि चष्मेवाले एकमेकांच्या ओळी तपासत आले होते. पण सगळा मामला कामापुरता. "बदल केला आहे. बघावा." "बघितला. एक खूण जास्त आहे. काढावी." यापलीकडे एक अक्षर कुणी कधी लिहिलं नव्हतं.

बाईंनी नंबर मागितला, त्यांनी दिला. बाईंनी फोन लावला, डेपोतून बोलतेय म्हणाल्या.

"नमस्कार," पलीकडून एक पातळ, घाईतला आवाज आला. "साहेब आहेत का?"

"कोण साहेब?"

"डेपोतले. टिंबवाले."

"मीच ती."

पलीकडे चष्म्याची फ्रेम खाली पडल्याचा आवाज आला. पंधरा वर्षं 'तुम्ही पाहिलंत का' आणि 'आपण तपासलंत का' असं अदबीने लिहिलं की समोर बाई आहे का बुवा, हे कळायची सोय राहत नाही. टिंबबाईंनीही कधी 'मी केलं' असं लिहिलेलं नव्हतं. 'केलं आहे' एवढंच. टिंबवाल्यांना 'मी' हा शब्द फुकट खर्च वाटतो.

"मला वाटलं होतं, तुम्ही मिशीवाले असाल," चष्मेवाले शेवटी म्हणाले.

"मला वाटलं होतं, तुम्ही म्हातारे असाल."

"नाही. पण मिशी आहे."

एवढ्यावर दोघांचं जमलं. चष्मेवाल्यांनी अट घातली, की पहिल्या भागात नुसत्या गप्पा नकोत, खरी ओळ वाचायची. बाईंनी आपल्या अकरा ओळींतली पहिली वाचून दाखवावी, चष्मेवाल्यांनी ती ऐकून आपल्या मशीनवर उतरवावी आणि चालवून दाखवावी. ऐकणाऱ्यांना कळेल, की ही भाषा एकाकडून दुसऱ्याकडे जाते. बाईंना ही कल्पना फार आवडली. मॅनेजरला नेमकं हेच हवं होतं.

घरात शांत जागा म्हणजे गाद्या-रजयांचं भिंतीतलं कपाट. रजया आवाज खातात असं बाईंनी कुठेतरी वाचलं होतं. खालचा कप्पा रिकामा करून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, दार ओढून त्या आत बसल्या. पहिल्या पाच मिनिटांत नवऱ्याने दार उघडलं, बायको कपाटात बसलेली पाहिली, टॉवेल घेतला आणि दार लावलं. त्याने विचारलं काही नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस विचारायचं सोडून देतो.

बाईंनी सुंदर प्रस्तावना केली. दोन दिवस घोकून तयार केली होती. मग त्या ओळीकडे वळल्या, आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. या खुणा त्यांनी आयुष्यात कधी मोठ्याने उच्चारल्या नव्हत्या. मनातल्या मनात त्यांची नावं होती, घरातल्या वस्तूंची, पण ती जगापुढे म्हणायची वेळ कधी आलीच नव्हती.

"पहिली खूण," त्या चाचरत म्हणाल्या, "खुंटी."

"खुंटी म्हणजे?"

"भिंतीवरची. खाली जरा वळलेली."

"अहो, ते नाक आहे."

"नाक कसं असेल?"

"मान तिरकी करून बघा."

बाईंनी कपाटात जमेल तेवढी मान तिरकी केली. नाकच होतं. त्या दिवसापासून त्यांना खुंटी कधी नीट दिसली नाही.

झालं होतं असं, की चष्मेवाल्यांच्याही मनात सगळ्या खुणांची नावं होती, आणि ती दुकानातली होती. बाईंना जिथे वाट्या दिसत तिथे त्यांना भुवई आणि डोळ्याखालची सूज दिसे. पंधरा वर्षं दोघं एकच भाषा लिहीत होते आणि दोन वेगळ्या भाषा वाचत होते.

"बरं, तुमचंच म्हणू," चष्मेवाले मोठ्या मनाने म्हणाले. "तुमची ओळ, तुमची वाटी. पुढे?"

"पुढे सरळ वाटी."

"सरळ वाटी. टाकली. नमुन्याला पाच चालक आणि पाच गाड्या घेतो. चालवतो." कळ दाबल्याचा आवाज आला. "बाई, तुमच्या डेपोत पहिला चालक फारच कष्टाळू दिसतो."

"का?"

"पाचही गाड्या तो एकटा चालवतोय. एकाच वेळी. बाकीचे चौघं घरी."

टिंबात वाटीसारख्या दोन खुणा आहेत. तोंड वर असलेली वाटी गोळा करते, सगळं एका ठिकाणी आणते. तोंड खाली असलेली वाटी रिकामी होते, आतलं सगळ्यांना वाटून टाकते. बाईंनी वाटायला सांगितलं होतं. चष्मेवाल्यांनी गोळा केलं होतं.

"मी सरळ वाटी म्हटलं," बाईंचा आवाज चढला.

"मी सरळच घातली. तोंड वर."

"तोंड वर ती उलटी. सरळ म्हणजे मांडणीत असते तशी. तोंड खाली."

"तोंड खाली करून वाटीत वाढणार कसं?"

"आणि तोंड वर करून मांडणीत ठेवली तर धूळ कोण पुसणार? तुम्ही येणार?"

"बाई, जगात कुणालाही विचारा. तोंड खाली म्हणजे उलटी."

"जगाच्या घरी झुरळं झाली असतील."

मग जे व्हायचं तेच झालं. पंधरा वर्षांची अदब एका वाटीवरून सांडली. चष्मेवाल्यांनी खूप जुनं एक उकरून काढलं. बाईंनी एकदा त्यांच्या ओळीतल्या तीन खुणा काढून टाकल्या होत्या, आणि ते त्यांच्या मनाला अजून लागलेलं होतं.

"ती ओळ चुकीची होती," बाई म्हणाल्या.

"चुकीची नव्हती. लांब होती."

"टिंबात लांब म्हणजेच चूक."

"माझ्या बायकोला दाखवली होती मी ती ओळ. कौतुकाने."

"त्यांना कळली?"

"नाही. पण छान दिसते म्हणाली."

तेवढ्यात कपाटाचं दार उघडलं. दारात सासूबाई होत्या.

"केव्हाची वाटी वाटी लावलीय," त्या म्हणाल्या. "तोंड खाली ती पालथी. तोंड वर ती उताणी. सरळ आणि उलटी माणसं असतात, वाट्या नव्हेत. आणि जरा सरक, मला रजई हवीय."

रजई निघाली, दार लागलं. पालथी आणि उताणी. दोघांनाही लहानपणापासून ठाऊक असलेले शब्द, आणि एकालाही आठवले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

"त्या कोण होत्या?" चष्मेवाल्यांनी हळूच विचारलं.

"माझ्या सासूबाई."

"त्यांना टिंब येतं?"

"वाटी येते," बाई म्हणाल्या.

पालथी वाटी घातल्यावर पाच गाड्या पाच चालकांना गेल्या. भाग संपला. भांडण तेवढं कापायचं आणि बाकीचं ठेवायचं, असं ठरलं. कापायचं काम चष्मेवाल्यांनी अंगावर घेतलं. त्यांनी नको तो भाग निवडला, कळ दाबली, आणि मशीनने निवडलेलं ठेवून बाकीचं सगळं उडवलं. घोकलेली प्रस्तावना गेली. पाच गाड्या पाच चालकांना गेल्या तेही गेलं. राहिलं नुसतं भांडण, खुंटीपासून रजईपर्यंत, आणि ते तसंच्या तसं जगभर पोचलं.

बाईंनी ते ऐकलं तेव्हा त्यांना डेपोत तोंड दाखवायची सोय राहिली नाही असं वाटलं. हात दाखवून अवलक्षण झालं होतं. चार माणसं दाखवायला गेल्या आणि दोन भांडकुदळ दाखवून बसल्या. पण चावडीवर वेगळंच चाललं होतं. वर्षानुवर्षं तोंडातून ब्र न काढलेली माणसं लिहायला लागली होती. एक जण पालथीला बोगदा म्हणत असे, एक टोपी म्हणत असे. एकाने लिहिलं, मी काहीच म्हणत नाही, त्या जागी नुसता हुंकार देतो. नाकाला मात्र सगळ्यांनी नाक मान्य केलं. आणि शेवटी जो तो विचारत होता, आजी पुढच्या भागात आहेत का?

मॅनेजरने बाईंना केबिनमध्ये बोलावलं. "मी दोनदा ऐकलं," तो म्हणाला. "गाडी चालवताना."

"कापताना चूक झाली, साहेब. नाहीतर त्यात—"

"मला विषय कळला नाही. पण आजींचं बरोबर होतं." त्याने पेन हातात फिरवलं. "माणसं आहेत, हे मानलं. पण बाई, भांडायला सगळे असतात. अडचणीला कोण उभं राहतं? माझी अडचण तिथे आहे. महिना अजून संपलेला नाही. बघू."

बाईंनी मग चंगच बांधला. भागामागून भाग केले. कपाटात बसून त्यांनी प्रत्येक खुणेचं नाव नक्की केलं, ती कीबोर्डवर कोणत्या कळेखाली सापडते ते सांगितलं, नाकाची माफी मागितली. सासूबाई दर भागात रजई न्यायला किंवा ठेवायला येत. घरात थंडी मुळीच नव्हती. चष्मेवाले आता 'आजींचा सल्ला' असं म्हणून त्यांच्यासाठी थांबायला लागले होते. मॅनेजर ऐकतो का, हे बाईंना कळत नव्हतं. तो काही बोलत नसे, आणि महिना संपत आला होता.

पण रजया म्हणजे रजया. वर्षानुवर्षांची धूळ त्यांच्यात होती, आणि वाट्या पालथ्या ठेवणाऱ्या या बाईंनी रजया काही झटकल्या नव्हत्या. एका भागात त्या एकेक खुणेला शिंकल्या. पुढच्या भागात घसा बसला. त्यानंतर ताप भरला आणि आवाज साफ गेला.

"मी आजारी पडत नाही," त्या कशाबशा कुजबुजल्या.

"पडली नाहीस गं," सासूबाई म्हणाल्या. "आडवी झालीयेस." त्यांनी सुनेचा मोबाइल उचलून नेला, म्हणाल्या औषध घे आणि झोप, आणि बाई झोपल्या. अशा झोपल्या, की दोन दिवस कुठे गेले त्यांना समजलं नाही.

उठल्यावर त्यांनी फोन शोधला. तो पिठाच्या डब्यात सापडला. वाजला तर ऐकू येऊ नये म्हणून सासूबाईंनी तिथे पुरला होता. बाईंनी तो पुसला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. मॅनेजरचे फोनच फोन येऊन गेले होते. शहराच्या मुख्य रस्त्याखाली पाण्याचा मोठा पाइप फुटला होता, रस्ता बंद होता, निम्मे मार्ग वळवले होते. सगळ्या ड्युट्या नव्याने लावायला हव्या होत्या, कालच. आणि काल बाई आडव्या होत्या. महिनाअखेरही कालच होती.

सासूबाई नको नको म्हणत असताना त्या तशाच, गळ्याला पंचा गुंडाळून, डेपोत धावल्या. वाटेत त्यांनी मनाची तयारी केली. सही झाली असणार. नव्या कंपनीचा कुणी टाय लावलेला माणूस आपल्या खुर्चीत असणार. त्याला खुर्चीची उंची कमी करायची कळ सापडली नसणार, एवढाच काय तो आधार.

गेटपाशी गाड्या वेळेवर निघत होत्या. फलकासमोर चालकांचा घोळका होता आणि ते कागदाला शिव्या देत होते. शिव्या रोजच्याच होत्या. बाईंनी कागद पाहिला. आपलाच छाप, आपलीच रांग, आणि बंद रस्ता कुठेही नाही.

मॅनेजर त्यांच्या टेबलाशी होता. त्याचे डोळे तारवटलेले होते, पण तो खुशीत होता.

"मोबाइल कुणी उचलेना, मग तुमच्या घरच्या फोनवर केला," तो म्हणाला. "आजींनी घेतला. म्हटलं, गाड्या अडल्यात, बाईंना उठवा. म्हणाल्या, गाड्या थांबतात, ताप थांबत नाही, उठवणार नाही. मग म्हणाल्या, त्या मिशीवाल्याला विचार. तुमच्या मोबाइलमधून बघून नंबर दिला."

बाईंनी खुणेनेच विचारलं, मग?

"त्याआधी त्या कंपनीला फोन करून पाहिला. म्हटलं, आज सही करतो, आज गाड्या लावून द्या. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, एवढंच ऐकत राहिलो. मग मिशीवाल्यांना केला. त्यांच्याकडे तुमच्या ओळी होत्याच, त्यांनी नवीन ओळ लिहून फोटो पाठवला. पण तुमच्या या मशीनला इंटरनेट नाही, आणि फोटोतली वाटी कोणत्या कळेखाली आहे ते फोटोला काय माहीत? मग ते फोनवर सांगत गेले आणि मी एका बोटाने दाबत गेलो. नाक. टिंब. वाटी. मी विचारलं, पालथी का उताणी?" मॅनेजर स्वतःवरच खूश होऊन हसला. "ते म्हणाले, साहेब, तुम्ही ऐकता वाटतं. म्हटलं, आजींसाठी ऐकतो."

माहितीपत्रक टेबलावरच होतं. त्याच्यावर चहाचे तीन-चार गोल उमटलेले होते. "परत पाठवायचं राहिलंय," तो म्हणाला. "आता कशाला पाठवा, कप ठेवायला बरं आहे."

तो गेला. टिंबबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी प्रोग्रॅम उघडला. अकरा ओळींच्या जागी बारा होत्या. बारावी ओळ चालत होती यात शंका नव्हती, पण कुरूप होती. त्यात पालथी वाटी दोनदा आली होती, एकामागून एक. वाटून झालेलं पुन्हा वाटून काय मिळतं? मॅनेजरचं बोट घसरलं असणार. बाईंचं बोट खोडायच्या कळेवर गेलं. एक पालथी काढली की ओळ गोंडस झाली असती. पण त्यांचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनी टिंब वाचता येत नाही. त्यांनी मशीन बंद केलं.

"गेलं का काम तुझं?" घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं.

"नाही," बाई कुजबुजल्या. "राहिलं. सही नाही केली त्यांनी."

"मग तोंड का असं?"

टिंबबाईंनी पाण्याचा घोट घेतला. आवाज होता तेवढा गोळा केला. "माझ्यावाचून झालं, आई. मला हेच हवं होतं. हेच दाखवायचं होतं मला. आणि झालं, तर वाईट वाटतंय. माझ्या ओळींत त्यांनी एक ओळ घुसवलीय, ती इतकी वाईट आहे."

सासूबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. जरा वेळ त्या मांडणीकडे बघत राहिल्या. तिथे वाट्या ओळीने पालथ्या होत्या.

"या घरात वाट्या उताण्या असायच्या," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूच्या वेळेपासून. तू आलीस, मी बहिणीकडे आठ दिवस राहायला गेले. परत येऊन बघते तर सगळ्या पालथ्या. स्वयंपाकघर लखलखीत, घरातले सगळे जेवूनखाऊन मजेत, कुणाचं माझ्यावाचून काही अडलेलं नाही. मी उठले, म्हटलं, आधी या उताण्या करते."

"मग?"

"हात लावला होता पहिल्या वाटीला. मग म्हटलं, असू दे." त्यांनी सुया पुन्हा हातात घेतल्या. "त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलं."

टिंबबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या धूळ बसते म्हणून सांगत आल्या होत्या, आणि सासूबाई ऐकून घेत आल्या होत्या.

घसा सुटल्यावर त्यांनी रजया उन्हात घातल्या, झटकल्या, आणि मग कपाटात बसून पुढचा भाग केला. त्यात त्यांनी पूर्ण प्रोग्रॅम वाचायचं ठरवलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, थांबायचं नाही. चष्मेवाले पलीकडे ऐकून उतरवत होते. अकरा ओळी नीट गेल्या. नाकाला त्या नाक म्हणाल्या.

"बारावी," त्या म्हणाल्या. "नाक. टिंब. पालथी. पालथी."

"दोनदा?" चष्मेवाल्यांनी विचारलं. "मी एकदाच सांगितली होती. एक जास्त आहे, बाई. काढू?"

"आमच्या साहेबांची आहे," टिंबबाई म्हणाल्या. "असू दे."